शमुवेल नावाचा नेमका अर्थ काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात बाळ येणार आहे आणि मुलगा झाला तर यजमानांच्या पणजोबांचं 'शमुवेल' हे नाव ठेवायचं चाललंय. नावांच्या पुस्तकात अर्थ सापडला 'देवाने ऐकले'. पाळक म्हणाले, 'देवाजवळ मागून घेतलेला'. आणि तुमच्या दिरांनी कुठंतरी वाचलं, 'देवाचे नाव'. यातला खरा कोणता, लिहिताना 'शमुवेल' लिहावं की 'सॅम्युअल', आणि बाळाच्या कार्डावर अर्थ म्हणून काय छापावं?

बायबलची हिब्रू मी बरीच वर्षं मराठी विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि बायबलमधला संदेष्टा शमुवेल याच्या नावाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय दरवर्षी वर्गात घेतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. 'देवाने ऐकले' हा अर्थ त्या नावाच्या अक्षरांतून निघत नाही. 'देवाजवळ मागून घेतलेला' हाही शब्दाच्या फोडीतून निघत नाही, पण तो खुद्द मुलाच्या आईने दिलेला आहे आणि बायबलमध्ये लिहिलेला आहे. शब्दाच्या घडणीला बसतो तो दिरांनी वाचलेला अर्थ. आता हे असं का, ते पाहू.

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचं आहे: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. शेवटची दोन, आलेफ आणि लामेद, म्हणजे 'एल', देव. दानिएल, गब्रिएल, मिखाएल, इस्राएल या सगळ्यांच्या शेवटी हाच 'एल' आहे. शमुवेलाच्या वडिलांचं नाव एलकाना, त्यात तो सुरुवातीला आलाय. आपल्याकडे देवदत्त आणि दत्तदेव अशी दोन्हीकडून नावं बनतात, तसंच. म्हणजे मागचा भाग सोपा आहे. सगळं भांडण पुढच्या 'शेमू'वर आहे.

'ऐकले' म्हणणाऱ्यांना तिथे 'शामा' हे क्रियापद दिसतं. शामा म्हणजे ऐकणे. पण त्या क्रियापदाची अक्षरं शीन, मेम आणि ऐन अशी तीन आहेत. हा ऐन घशातून काढायचा एक व्यंजनध्वनी आहे. आपल्या कानाला तो आलेफसारखाच वाटतो, कधीकधी ऐकूच येत नाही. हिब्रू लिहिणाऱ्याला मात्र त्यातला फरक 'काल' आणि 'काळ' यांच्याइतका लख्ख असतो. परभाषिकाला 'ल' आणि 'ळ' एकच वाटले म्हणून आपण 'काल'चा अर्थ 'काळ' करणार नाही. शमुवेल या नावात ऐन नाही. ज्या नावांत खरोखर 'ऐकणे' आहे तिथे तो नीट जागेवर असतो. हागारेच्या मुलाचं नाव इश्माएल, 'एल ऐकतो'. त्यात ऐन आहे. लेआच्या मुलाचं नाव शिमोन, त्यात आहे. अलीशामा, 'माझ्या देवाने ऐकले', त्यातही आहे. 'देवाने ऐकले' हाच अर्थ हवा असेल, तर हिब्रूत त्यासाठी इश्माएल हे नाव आधीपासून होतं.

आता पाळकांचा अर्थ. तो पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनातून आलाय. एलकानाची बायको हन्ना हिला मुलगा होतो, ती त्याचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण देते: याला मी परमेश्वराकडून मागितलं. हिब्रूत 'मागितलं' यासाठी क्रियापद आहे 'शाआल': शीन, आलेफ, लामेद. शमुवेलमध्ये ही तिन्ही अक्षरं सापडतात खरी, पण मधे मेम आणि वाव येऊन बसलेत. मध्ययुगातल्या काही यहुदी भाष्यकारांनी 'शाऊल मे-एल', म्हणजे 'देवाकडून मागितलेला', याचा हा संक्षेप आहे असं म्हणून गाठ मारायचा प्रयत्न केला. गाठ सुंदर आहे, पण हिब्रूत नावं अशी आक्रसत नाहीत.

मग हन्ना चुकली का? हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मी उलट विचारतो, 'पुत्र' शब्दाचा अर्थ तुमच्या आजीने काय सांगितला होता? पुत् नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र. प्राचीन शब्दशास्त्रज्ञ यास्काने निरुक्त या ग्रंथात अग्नीची फोड केली 'अग्रणीर्भवति', जो पुढे नेतो तो. आजचा भाषाशास्त्रज्ञ यातली कुठलीच व्युत्पत्ती मान्य करणार नाही. पण म्हणून यास्क अडाणी ठरत नाही. शब्दाच्या आवाजात त्याला एक अर्थ ऐकू येतो आणि तो अर्थ तो त्या शब्दावर ठेवतो. बायबलमधल्या नावांची स्पष्टीकरणं नेमकी या जातीची आहेत. हन्ना व्याकरण सांगत नाहीये. वांझ म्हणून सवतीचे टोमणे खाल्लेली बाई आपल्या मुलाच्या नावात आपली गोष्ट ठेवते आहे. तिला 'शमुवेल'मध्ये 'शाआल' ऐकू आलं, कारण तिच्या आयुष्यात तेव्हा तो एकच शब्द होता.

ती गोष्ट मराठी घराला नवी नाही. शिलो इथल्या देवस्थानाला दरवर्षी जाणारं कुटुंब, दोन बायका, पनिन्नाला मुलं आणि हन्नाला नाही. हन्ना देवळात जाते आणि सरळ नवस बोलते: मुलगा दे, तो मी तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. मराठीत 'नवसाचा मुलगा' म्हटलं की जे सगळं आठवतं, ते सगळं यात आहे. आणि 'मागून घेतलेला' या अर्थाचं नाव आपल्याकडे खरोखरच होतं: भिकाजी, भिकू, भिकूबाई. पोर जगत नसे किंवा होत नसे, तेव्हा देवाकडे पदर पसरून मिळालेलं म्हणून 'भिकाजी'. हन्ना कोकणात जन्मली असती, तर तिच्या मुलाचं नाव कदाचित तेच असतं.

इथे थोडं थांबतो, कारण या अध्यायाची खरी करामत पुढे आहे. 'शाआल' हे मूळ पहिल्याच अध्यायात सात वेळा येतं. एली याजक तिला म्हणतो, तू जे मागणं मागितलंस ते देव देवो, तिथे दोनदा. विसाव्या वचनात एकदा. मूल दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला घेऊन येते आणि एलीला सांगते, मी मागितलेलं मागणं देवाने दिलं, पुन्हा दोनदा. आणि लगेच पुढे म्हणते, म्हणून मीही याला परमेश्वराला देऊन टाकते. हे 'देऊन टाकते' म्हणजे त्याच मुळाचं प्रयोजक रूप. साधं रूप असेल तर 'मागणे', प्रयोजक केलं की 'मागणाऱ्याला देणे', आपल्या 'उसनं देणे'च्या जवळ जाणारं. मागणं आणि देणं एकाच शब्दाच्या दोन बाजू, आणि हन्ना एकाच दमात दोन्ही वापरते. मराठीत मला हे आजवर नीट आणता आलेलं नाही.

सातवी वेळ सगळ्यात महत्त्वाची. ती म्हणते, हा आयुष्यभर परमेश्वराला दिलेला आहे, आणि 'दिलेला' यासाठी शब्द वापरते 'शाऊल'. हिब्रूत हे इस्राएलाच्या पहिल्या राजाचं, शौलाचंच नाव. अक्षरं तीच, उच्चारही तोच. म्हणून काही अभ्यासकांनी असा तर्क केला की ही जन्मकथा मुळात शौलाची होती आणि नंतर कोणीतरी ती शमुवेलाच्या नावावर चढवली. तर्क जुना आहे आणि अजूनही मांडला जातो. मला तो पटत नाही. शिलो, एली, नवस, देवळात वाढलेला मुलगा हे सगळे धागे शमुवेलाच्या पुढच्या आयुष्यात घट्ट विणलेले आहेत. शौलाचा त्यातल्या एकाशीही संबंध नाही. मला वाटतं, लेखकाने शौलाचं नाव इथे मुद्दाम पेरलंय. पुढे आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडे राजा 'मागतात', आणि तिथे क्रियापद हेच. त्यांना जो मिळतो त्याचं नावच 'मागितलेला'. आईने मागितलं आणि मिळालेलं परत दिलं. लोकांनी मागितलं आणि मिळालेल्याखाली पुढे भरडले गेले. आणि शेवटी अठ्ठाविसाव्या अध्यायात, लढाईच्या आदल्या रात्री घाबरलेला शौल देवाला 'विचारतो' (मागणे आणि विचारणे हिब्रूत एकच क्रियापद), उत्तर येत नाही. मग तो एन-दोर इथल्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडून मेलेल्या शमुवेलाला वर आणवतो. तेव्हा शमुवेल म्हणतो, मला का विचारतोस? पुन्हा शाआल. ज्या शब्दावर हन्नाने मुलाचं नाव ठेवलं, तोच शब्द त्या मुलाच्या तोंडून शेवटी शौलाकडे परत जातो. इतकं बारीक काम करणाऱ्या लेखकाला आपली व्युत्पत्ती अक्षरांशी जुळत नाही हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याला दोन्ही नावं एकमेकांसमोर उभी करायची होती.

आता तुमच्या दिरांच्या अर्थाकडे येऊ. 'शेम' म्हणजे नाव. शीन आणि मेम, बस. त्याच्यापुढे 'ऊ' आणि मग 'एल'. हा मधला 'ऊ' दोन प्रकारे समजावता येतो आणि यावर जाणकारांत आजही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हा जुन्या सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या कुळातल्या) भाषांतला विभक्तिप्रत्यय आहे. नंतरच्या हिब्रूतून तो झडून गेला, पण नावांच्या पोटात शिल्लक राहिला. याचं उदाहरण बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात शेजारशेजारच्या दोन वचनांत सापडतं. याकोब रात्रभर झुंजतो आणि त्या जागेला नाव देतो पनीएल, 'देवाचे मुख'; पुढच्याच वचनात तीच जागा पनुएल म्हणून येते. मधला स्वर बदलतो, अर्थ बदलत नाही. या हिशेबाने शमुवेल म्हणजे 'एलचे नाव'. दुसरा पक्ष म्हणतो, 'ऊ' म्हणजे 'त्याचे', तेव्हा 'त्याचे नाव एल', म्हणजे ज्या देवाला हे मूल वाहिलंय त्याचं नाव एल. मी पहिल्या बाजूचा आहे, पण दोन्हीकडे 'नाव' आणि 'देव' हे दोन शब्द कायम राहतात, हे तुम्ही लक्षात ठेवलंत तरी पुरे.

याला बाहेरूनही आधार आहे, आणि तो हन्नाच्या काळाच्या कितीतरी आधीचा. इ.स.पू. १९व्या शतकात आजच्या दक्षिण इराकमधल्या लार्सा शहरावर एक राजा होता, त्याचं नाव सुमू-एल. त्याच सुमारास बाबिलोनवर राज्य करणारा सुमू-ला-एल. हे अमोरी वंशाचे राजे. त्यांच्या भाषेतला 'सुमू', अक्कादीतला (बाबिलोन-अश्शूरच्या जुन्या भाषेतला) 'शुमू' आणि हिब्रूतला 'शेम' हा एकच शब्द, नाव. म्हणजे या घडणीचं नाव त्या प्रदेशात शेकडो वर्षं चालत आलेलं होतं. बायबलमध्येही हन्नाचा मुलगा एकटा शमुवेल नाही. 'गणना' या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात शिमोनाच्या वंशातला अम्मीहूदाचा मुलगा शमुवेल आहे, आणि 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्साखारच्या वंशात आणखी एक. त्यांच्या आयांनी काही मागितल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. नाव आधीपासून होतं. हन्नाने त्यात आपला अर्थ घातला.

अक्कादीत 'शुमू'ला आणखी एक अर्थ होता: संतती, वारस. शमश-शुम-उकीन हा बाबिलोनचा राजा, अश्शूरच्या अशुरबनिपालाचा भाऊ. त्याच्या नावाचा अर्थ 'शमश देवाने वारस स्थापिला'. नाव आणि वारस एकच कसे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'नाव चालवायला मुलगा हवा' हे वाक्य ऐकून आपण मोठे झालो. हिब्रूतही तेच. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करावं असा नियम आहे, आणि कारण दिलंय, त्या भावाचं 'शेम' इस्राएलातून पुसलं जाऊ नये. म्हणून काही जण शमुवेलचा अर्थ 'एलचं अपत्य' असाही करतात. तो अशक्य नाही, पण हिब्रूत 'शेम' एकटं येऊन थेट 'मूल' म्हणून वापरलेलं सहसा दिसत नाही, त्यामुळे मी तो पुढे करत नाही.

मग 'देवाने ऐकले' हा अर्थ इतका पसरला कसा? उच्चारातल्या सारखेपणामुळे, हे एक. पण दुसरं कारण कथेतच आहे. पहिल्या अध्यायात हन्ना प्रार्थना करते तेव्हा फक्त ओठ हलतात, आवाज 'ऐकू येत नाही', आणि एलीला वाटतं ही प्यायलीय. तिसऱ्या अध्यायात रात्री देवाचा दिवा विझलेला नाही, मुलगा झोपलाय, आणि त्याला हाक येते. तो तीनदा एलीकडे धावतो. चौथ्यांदा म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे. पुढे पंधराव्या अध्यायात म्हातारा शमुवेल शौलाला सुनावतो की यज्ञापेक्षा ऐकणं बरं. ही सगळी रूपं 'शामा'ची. म्हणजे पुस्तकभर ऐकण्याचा सूर आहे, पण नावाचं कारण म्हणून तो कुठेच दिलेला नाही. आणि बघा, इथे बहुतेक वेळा ऐकण्याची पाळी माणसाची आहे. 'देवाने ऐकले' असं छापताना हे उलटं होऊन जातं. तरीही यहुदी परंपरेत ऐकू न येणारी हन्नाची ती प्रार्थनाच प्रार्थनेचा नमुना मानली गेली. मुख्य प्रार्थना ओठ हलवून पण आवाज न करता म्हणायची, हा धडा तालमुद या यहुदी धर्मग्रंथात हन्नावरून घेतलाय, आणि नववर्षाच्या, रोश हशानाच्या, पहिल्या दिवशी सभास्थानात हाच अध्याय वाचतात.

उच्चाराबद्दल. आजची हिब्रू बोलणारे 'श्मुएल' म्हणतात, जोर शेवटच्या 'एल'वर, लाडाने 'श्मुलिक'. ग्रीकमध्ये 'श' नाही, त्यामुळे बायबलचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा 'सामुएल' झालं, तिथून लॅटिन, तिथून पोर्तुगीज आणि इंग्रजी. गोव्यातला सामुएल आणि इंग्रजी शाळेतला सॅम्युअल हे त्या वाटेने आले. अरबीत 'समौअल'. सहाव्या शतकात अरबस्तानातल्या तैमा इथे त्या नावाचा एक यहुदी कवी होऊन गेला, आणि शब्दाला जागणाऱ्या माणसाला अरबीत अजून 'समौअलाहून इमानी' म्हणतात. मराठी बायबलात मात्र 'शमुवेल' आहे, आणि त्यातला 'श' हिब्रूचा आहे. मधला 'व' तेवढा मराठी जिभेने घातला, 'मुए' सलग म्हणायला अवघड जातं म्हणून. एवढं सोडलं तर तुमच्या यजमानांच्या पणजोबांचं नाव सॅम्युअलपेक्षा मुळाच्या कितीतरी जवळ होतं.

मराठी मुलखात या नावाची आणखी एक शाखा आहे आणि ती मिशनऱ्यांच्या आधीची आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे तिथल्या जुन्या यहुदी समाजाने, हिब्रू नावांना मराठी 'जी' लावला होता. शमुवेलचा झाला सामाजी. मुंबईतलं त्यांचं पहिलं सभास्थान, 'शाआर हा-राहामीम' म्हणजे दयेचं द्वार, १७९६ मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. हसाजी म्हणजे यहेज्केल, आणि दिवेकर हे गावावरून, आपल्या इतर आडनावांसारखं. कागदोपत्री तेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर. ते सभास्थान ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट, आणि जवळच्या मशीद स्टेशनचं नाव त्याच वास्तूवरून पडलं असं सांगितलं जातं, कारण बेने इस्राएल मराठीत सभास्थानाला मशीदच म्हणत. या समाजाची हिब्रू प्रार्थना काळाच्या ओघात जवळजवळ सगळी हरवली होती, पण एक वाक्य उरलं होतं: 'शेमा इस्राएल', ऐक, हे इस्राएला. तिथला 'शेमा' ऐनवाला, खरा ऐकण्याचा.

आता तुमच्या कामाचं. नाव 'शमुवेल'च लिहा. जन्मनोंदणीत देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहावं लागेल. रोमनमध्येही 'सॅम्युअल'चं इंग्रजी स्पेलिंग न लिहिता 'शमुवेल' जसं उच्चारता तसंच लिहा आणि पहिल्या दिवसापासून सगळीकडे तेच ठेवा. दोन स्पेलिंगं झाली की दहावीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांची त्यात वर्षं गेली आहेत. घरात 'शमू' म्हणा, छान वाटतं.

कार्डावर एकच ओळ मावत असेल तर 'देवाचे नाव' छापा. ते व्याकरणाने बरोबर आहे. दोन मावत असतील तर दुसरी हन्नाची घ्या: 'याला मी परमेश्वराकडून मागितले', आणि खाली '१ शमुवेल १:२०'. तिला 'नावाचा अर्थ' असं शीर्षक देऊ नका, 'आईचे शब्द' म्हणा. पाळकांनाही ते आवडेल. आणि मुलगी झाली तर, तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो, हन्ना हे नाव आहेच. त्याचा अर्थ 'कृपा', त्यावर कोणाचंच दुमत नाही.